दिवसाच्या आकाशाखाली रात्रीचे घर : माग्रित यांच्या एका चित्राची छायाचित्रांतून पुनर्निर्मिती

उपयोजित कला किंवा छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे कधी ना कधी एखाद्या अतिवास्तववादी चित्राची छायाचित्रांतून पुनर्निर्मिती करण्याची असाइनमेंट येतेच. ती हाती आली की बहुतेकांचे मन आधी उडणाऱ्या हत्तींकडे, वितळणाऱ्या घड्याळांकडे आणि समुद्रातून वर येणाऱ्या जिन्यांकडे धावते. चित्रात जितक्या विचित्र गोष्टी तितके ते अधिक अतिवास्तव, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात पाहणाऱ्याला चटका बसतो तो एकाच विसंगतीने, आणि तोही तेव्हाच, जेव्हा तिच्याभोवतीचे बाकी सगळे शंभर टक्के खरे वाटते. म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी मी नेहमी रेने माग्रित यांचे ‘द एम्पायर ऑफ लाइट’ सुचवतो. त्यात एक घर आहे, एक दिवा आहे, झाडे आहेत आणि वर आकाश आहे. जमिनीवर रात्र आणि आकाशात भर दिवस, एवढीच काय ती विसंगती. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या विद्यार्थ्याला यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट घरापासून फार दूर न जाता मिळते आणि खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

मूळ चित्र आधी नीट पाहावे

माग्रित हे 1898 साली जन्मलेले बेल्जियन चित्रकार. चित्रकलेवर पोट भरू लागेपर्यंत त्यांनी वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षीकाम केले आणि जाहिरातींची पोस्टर्स केली. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण त्यांच्या चित्रांतली स्वच्छ, सपाट, एका नजरेत कळणारी मांडणी जाहिरातचित्रांशी नाते सांगणारी आहे. हा विषय त्यांनी 1949 पासून पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा रंगवला. 1950 ची एक आवृत्ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, 1954 ची एक ब्रसेल्समध्ये, तर एक व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहात. 1954 मधलीच आणखी एक आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 12 कोटी डॉलर्सहून अधिक किमतीला विकली गेली. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर या आवृत्त्यांच्या चांगल्या प्रतिमा पाहायला मिळतात. निदान दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे प्रत्येक वेळी काय बदलले आणि काय कायम राहिले हे कळते.

जे कायम राहते तेच आपल्याला उचलायचे आहे. आकाशाचा निळा फिका आहे, भडक नाही. ढग कापसाचे, लहान, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर पसरलेले आहेत आणि सूर्य कुठेही दिसत नाही. झाडे जवळजवळ काळी आहेत, त्यामुळे आकाश आणि जमीन यांच्यामध्ये एक गडद, दातेरी कड तयार होते. घरावर आकाशाचा प्रकाश अजिबात पडलेला नाही. उजेड देणाऱ्या वस्तू दोनच, रस्त्यावरचा दिवा आणि आतून उजळलेल्या खिडक्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दिव्याच्या मागे आकाश नसून घराची किंवा झाडाची गडद पार्श्वभूमी आहे. दिवा पेटलेला वाटतो तो भोवतालच्या काळोखामुळे. तोच दिवा उजळ आकाशावर आला, तर कितीही पिवळा रंगवला तरी विझलेलाच दिसेल.

हे सगळे पाहून झाल्यावर पोस्टकार्डाएवढ्या आकारात पेन्सिलने तीनच छटांचे रेखाटन करावे: पांढरी, करडी आणि काळी. आकाशाला चौकटीचा साधारण निम्मा किंवा थोडा अधिक भाग द्यावा. हे रेखाटन पुढे जागा शोधताना खिशात असू द्यावे, कारण जागेवर गेल्यावर दिसणाऱ्या पन्नास गोष्टींपैकी काय हवे आणि काय नको याचा निवाडा तेच करते.

घर, दिवा आणि झाड यांची निवड

इमारतींच्या जंगलात असे घर मिळायचे कुठे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ठाण्यात नौपाडा आणि चरईच्या आतल्या गल्ल्यांत मोजकी का होईना, पण जुनी बैठी किंवा एकमजली घरे अजून उभी आहेत. नवी मुंबईत माझी पहिली पसंती सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला आहे. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत छोट्या सामायिक अंगणांभोवती बसवलेल्या बुटक्या घरांची आहे. पुढे अनेक मालकांनी घरे वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली, तरी उतरत्या छपराची मूळ घरे आणि त्यांना बिलगून वाढलेली झाडे तिथे अजून सापडतात.

घर ठरवताना दिशा पाहावी. घराच्या आणि झाडांच्या मागे पश्चिमेचे आकाश असेल तर सूर्यास्तानंतर ते सर्वांत जास्त वेळ उजळ राहते आणि झाडांची कड स्पष्ट मिळते. पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही कडच आहे. मागे पूर्व असेल तर आकाश लवकर मावळते आणि पाने व आकाश एकमेकांत मिसळून जातात.

दिव्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण येते. रस्त्यावरचे पालिकेचे खांब उंच असतात, त्यामुळे दिव्याचे डोके सरळ आकाशात जाते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिथेच चित्र बिघडते. त्यापेक्षा फाटकाच्या खांबावरचा दिवा, सोसायटीच्या बागेतला बुटका खांब किंवा ओसरीवरचा दिवा निवडावा. तो झाडाच्या गडद आकारात बसेपर्यंत कॅमेरा डावी-उजवीकडे आणि खाली-वर सरकवून पाहावा. दिवा पांढरा एलईडी असेल आणि घरमालकांची हरकत नसेल, तर एका संध्याकाळपुरता 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब लावून पाहावा. खिडक्यांमागेही तसेच बल्ब असले तर उत्तम. नंतर संगणकावर पिवळेपणा आणता येतो, पण भिंतीवर उतरत जाणारा खरा पिवळा उजेड आणि रंगवलेला पिवळा उजेड यांतला फरक लपत नाही.

झाडांचाही विचार लागतो. आंबा आणि फणस यांची पाने दाट आणि जड, त्यामुळे त्यांचा आकार भरीव येतो. आसोपालवची उभी रांग मूळ चित्राच्या मांडणीला चांगली शोभते. नारळाच्या झावळ्या वाऱ्याच्या झुळकेसरशी हलतात, पिंपळाची पाने तर अगदी मंद वाऱ्यातही थरथरतात, म्हणून दीर्घ एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवल्यावर, दोन्ही पुसट होतात. गुलमोहराची बारीक पर्णिका सुंदर दिसते खरी, पण मास्क करताना, म्हणजे थराचा नको तो भाग झाकताना, ती हात टेकायला लावते, तेव्हा पहिल्या खेपेला ती टाळावी.

घर कोणाचेही असो, परवानगी आधी घ्यावी. दिवसा जाऊन, महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवून आणि खिशातले रेखाटन पुढे करून काय करायचे आहे ते सांगावे. ‘काकू, तुमच्या घराचा फोटो दिवेलागणीला घ्यायचा आहे, खिडक्यांतले दिवे तासभर लावून ठेवाल का?’ असे नीट विचारल्यावर लोक सहसा नाही म्हणत नाहीत. खिडकीतून घरातली माणसे किंवा सामान ओळखू येणार नाही याची हमी आपण द्यावी आणि पडदे ओढून घेण्याची विनंती करावी. उजळलेला पडदा मूळ चित्राच्याही अधिक जवळ जातो.

दिवेलागणीचा तास

वर्षभरात या कामाला सर्वांत अनुकूल काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे ऑक्टोबरचे दिवस. हवा धुतलेली असते, झाडे भरलेली असतात आणि संध्याकाळी वारा पडतो. थंडीत खाडीकाठच्या धुरक्यामुळे आकाश मळकट दिसते. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सूर्यास्त साधारण सव्वासहाच्या आगेमागे होतो आणि युरोपच्या मानाने संधिप्रकाश लवकर सरतो, म्हणून साडेपाचलाच जागेवर पोहोचून ट्रायपॉड लावून ठेवावा.

कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 आणि अपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ 8 ठेवावे. त्याहून लहान अपर्चर, म्हणजे एफ 16 वगैरे घेतले तर दिव्याभोवती ताऱ्यासारखे काटे उमटतात. मूळ चित्रातला दिवा शांत आहे, त्याला काटे नाहीत. भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटरच्या आसपास, तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 23-24 च्या आसपास ठेवावे, म्हणजे घराच्या रेषा फार कलत नाहीत. उजेड असतानाच खिडकीच्या चौकटीवर फोकस साधून तो मॅन्युअलवर टाकावा, ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद करावे आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने दाबावे. एकदा चौकट ठरली की पुढचा तासभर ट्रायपॉडला कोणाचा धक्का लागता कामा नये. मित्राला सोबत न्यावे ते मुख्यतः यासाठी.

या एका चौकटीतून आपल्याला तीन प्रकारच्या फ्रेम हव्या आहेत. पहिली सूर्यास्तानंतर दहा ते वीस मिनिटांनी: आकाश अजून उजळ असते, झाडे काळी पडलेली असतात. हिला मी छायाकृतीची फ्रेम म्हणतो. या वेळात दर दोन मिनिटांनी एक छायाचित्र घेत राहावे, कारण नेमके कोणते उपयोगी पडेल हे पडद्यावर पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरी फ्रेम पूर्ण अंधार पडल्यावरची: दिव्याचा उजेड भिंतीवर, फाटकावर, जमिनीवर नीट पसरलेला असतो. यासाठी शटर साधारण 4 सेकंद लागेल. त्याच्या आगेमागे 1 सेकंद आणि 15 सेकंद अशीही घेऊन ठेवावीत. तिसरी फ्रेम फक्त दिव्यासाठी, 1/15 सेकंदाच्या आसपास, म्हणजे काचेचा आकार पांढऱ्या डागात हरवत नाही.

फक्त रात्रीच्या फ्रेमवर भागवता येईल, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या शहरांत रात्रीचे आकाश काळे नसते. दिव्यांच्या उजेडाने ते तपकिरी-नारिंगी होते आणि तो गढूळ रंग प्रत्येक पानाच्या कडेला चिकटतो. निळे आकाश मागे बसवल्यावर ती नारिंगी किनार उठून दिसते आणि तासन्‌तास घासूनही जात नाही. दिवेलागणीची एक फ्रेम हे सगळे कष्ट वाचवते.

मोबाइलवर काम करणाऱ्याने प्रो मोडमध्ये, शक्य असल्यास रॉमध्ये, हेच करावे. नाइट मोड मात्र बंद ठेवावा, कारण तो अनेक फ्रेम एकत्र करून अंधार उजळवतो, आणि आपल्याला तर अंधारच हवा आहे. मोबाइलसाठी छोटा ट्रायपॉड नसेल तर कुंपणाच्या भिंतीवर टेकवून, चिकटपट्टीने घट्ट बसवून काम होते.

आकाश वेगळ्या दिवशी

आकाशासाठी मोकळी क्षितिजरेषा हवी. नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई, ठाण्यात उपवन तलावाचा काठ किंवा सरळ आपल्या इमारतीची गच्ची यांपैकी काहीही चालेल. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवून, आयएसओ 100, एफ 8 आणि 1/400 सेकंद यापासून सुरुवात करावी. ढगांचे पांढरे भाग जळलेले नाहीत हे हिस्टोग्रामवर, म्हणजे छटांच्या आलेखावर, तपासावे. एकदा गेलेला पांढरा परत आणता येत नाही.

नाभीय अंतर आणि कॅमेऱ्याचा कल घराच्या फ्रेमएवढाच ठेवणे फार महत्त्वाचे आहे. क्षितिजाजवळचे ढग लहान आणि दाटीने दिसतात, डोक्यावरचे मोठे आणि विरळ. मान वर करून काढलेले आकाश समोर पाहून काढलेल्या घरामागे बसवले तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. आपली विसंगती एकच असायला हवी, ही दुसरी चोरपावलांनी शिरलेली विसंगती नको.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आयएसओ आणि अपर्चर तेच ठेवून आकाशाला 1/400 सेकंद पुरले आणि घराला 4 सेकंद लागले. म्हणजे घराला 1600 पट प्रकाश द्यावा लागला. शिवाय खरे आकाश इतके उजळ असेल तर त्याचाच उजेड घरावर पडून घर अंधारात राहणारच नाही. माग्रित यांनी कुंचल्याने जे केले ते निसर्गात एका क्षणी घडू शकत नाही, आणि ते एका क्लिकमध्येही मिळत नाही. म्हणूनच हे छायाचित्र नुसते काढून मिळत नाही, बांधावे लागते.

तीन थर

फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी पुरते. रॉ फाइल विकसित करण्यासाठी डार्कटेबल हेही मोफत मिळते. फाइल शक्यतो 16 बिटमध्ये उघडावी, कारण आकाशाच्या फिक्या निळ्यात 8 बिटवर ताणाताण केली की पट्टे पडतात. ए 3 आकाराच्या छपाईसाठी 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) 3508 गुणिले 4961 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून उभी चौकट घेतली तर एवढे सहज मिळतात. 12 मेगापिक्सेलच्या मोबाइलवरून ए 4 ठेवणे शहाणपणाचे.

सगळ्यांत खाली आकाशाचा थर ठेवावा. तो घराच्या चौकटीपेक्षा थोडा मोठा असू द्यावा, म्हणजे ढग सरकवून हवे तिथे आणता येतात. झाडाच्या शेंड्याला चिकटून एखादा पांढरा ढग आला तर कड अधिक कुरकुरीत दिसते. मात्र प्रत्येक शेंड्यामागे ढग आणण्याचा मोह टाळावा.

त्यावर छायाकृतीची फ्रेम ठेवायची. ती आधी कृष्णधवल करावी, आणि हे करताना निळ्या चॅनेलला (प्रतिमेच्या लाल, हिरव्या, निळ्या घटकांपैकी निळ्याला) जास्त वजन द्यावे, कारण संधिप्रकाशातले आकाश निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत उजळ आणि पाने सर्वांत गडद असतात. मग लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा बदलणारे साधन) उघडून पांढरी खूण डावीकडे सरकवत आणावी, आकाश पूर्ण पांढरे होईपर्यंत. काळी खूण किंचित उजवीकडे आणावी. उदाहरणार्थ, 0 म्हणजे काळे आणि 255 म्हणजे पांढरे या मापावर, काळी 18 आणि पांढरी 140 अशा आकड्यांपासून सुरुवात करून फ्रेमप्रमाणे बदलावे. आता या थराचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळण्याची रीत) मल्टिप्लाय करावा. मल्टिप्लायमध्ये पांढरे नाहीसे होते आणि काळे टिकते, त्यामुळे झाडे काळी राहून त्यांच्यामागे दिवसाचे आकाश उघडते. पानांच्या कडांवरचे करडे पिक्सेलही आपापल्या प्रमाणात मिसळतात, म्हणून कात्रीने कापल्यासारखी कड येत नाही. सिलेक्शनच्या साधनांनी पान न्‌ पान निवडत बसण्यापेक्षा ही रीत शेकडो पटींनी बरी.

या पायरीवर थोडे थांबावे, कारण चित्राचे भवितव्य इथेच ठरते. संधिप्रकाशातले आकाश सगळीकडे सारखे उजळ नसते. क्षितिजाशी ते जास्त उजळ आणि वर मंद असते. वरचा कोपरा पांढरा करण्यासाठी लेव्हल्सची खूण जोराने ओढली तर क्षितिजाजवळच्या बारीक फांद्या पांढऱ्यात गडप होतात. त्यापेक्षा खूण बेताची ठेवावी आणि जिथे आकाश करडे उरले आहे तिथे डॉज टूल (उजळवणारे साधन) फक्त हायलाइट्सवर, म्हणजे उजळ भागांवर, 10 टक्क्यांच्या आसपास, मऊ ब्रशने फिरवावे. डॉज हायलाइट्सवर असल्याने काळ्या पानांना धक्का लागत नाही. प्रतिमा 100 टक्क्यांवर मोठी करून कड डावीकडून उजवीकडे एकदा पूर्ण तपासावी. कुठे आकाशावर धूळ बसल्यासारखा करडा पडदा दिसला तर तिथे अजून पांढरे व्हायचे आहे. कुठे फांदी मध्येच तुटलेली दिसली तर तिथे पांढरे जास्त झाले आहे.

आता तिसरा थर, रात्रीची फ्रेम. ट्रायपॉड हललेला नसला तरी ती नेमकी बसते ना हे पाहण्यासाठी तिचा ब्लेंड मोड काही क्षण डिफरन्स करावा. घराच्या सरळ रेषा काळ्या पडल्या तर जुळणी बरोबर आहे, दुहेरी उजळ रेषा दिसल्या तर एखादा पिक्सेल सरकवावे लागेल. मग मोड पुन्हा नॉर्मल करून या थराला पूर्ण काळा मास्क लावावा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने घर, फाटक, जमीन आणि दिव्याने उजळलेला झाडाचा खालचा भाग एवढेच उघडावे. ब्रशची सीमा नेहमी झाडाच्या काळ्या अंगातच संपवावी. दोन्ही फ्रेम तिथे काळ्याच आहेत, त्यामुळे सांधा कुठे आहे हे कोणालाच शोधता येत नाही. पाने मधल्या अर्ध्या तासात वाऱ्याने हलली असली तरी फरक पडत नाही, कारण आकाशाला भिडणारी कड पूर्णपणे पहिल्या फ्रेमची आहे.

छपराची कौले आकाशाला भिडत असतील तर तिथे मऊ ब्रश चालत नाही. छपराची कड छायाकृतीच्या थरातूनच येऊ द्यावी आणि रात्रीचा थर त्या कडेच्या थोडा आतपर्यंत आणून थांबवावा. शेवटी दिव्याची कमी एक्स्पोजरची फ्रेम वर ठेवून फक्त काचेपुरती उघडावी.

रात्रीच्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) पिवळ्या बल्बसाठी 3200 केल्विनच्या आसपास ठेवला तर उजेड पिवळसर राहतो आणि भिंत तरीही भिंतीसारखी दिसते. कॅमेऱ्याने आपणहून ठरवलेला बॅलन्स त्या उजेडातला पिवळेपणा धुऊन काढतो, आणि त्या पिवळ्याशिवाय वरचा निळा निळा वाटत नाही.

काय काढावे, काय ठेवावे

टेरेसवरची डिश, एसीचे बाहेरचे युनिट, सोसायटीचा सूचनाफलक आणि आकाश कापत जाणाऱ्या केबल काढून टाकाव्यात. केबल विशेषतः, कारण त्या नेमक्या आकाश आणि झाडे यांच्या कडेवरून जातात आणि नजर तिथे अडकते. हीलिंग ब्रशने हे काम सगळे थर एकत्र केलेल्या नव्या थरावर करावे, म्हणजे मूळ थर शाबूत राहतात.

फाटकाशी तुळशीवृंदावन असेल, ओट्यावर चपला काढून ठेवलेल्या असतील, खिडकीला आपल्याकडची लोखंडी जाळी असेल, तर ते सर्व राहू द्यावे. ब्रसेल्सच्या घराची नक्कल करण्यासाठी खिडक्यांना युरोपीय झडपा चिकटवण्याची गरज नाही. आपण मूळ चित्राची रचना आणि विसंगती उचलतो आहोत. घर आपल्या ओळखीचे असेल तरच आपल्या माणसाला ती विसंगती भिडेल, असे माझे ठाम मत आहे. चौकटीत माणूस मात्र नसावा. माणूस आला की पाहणारा गोष्ट शोधू लागतो आणि आकाशाकडे पाहायचे राहून जाते.

जुळवायचे आणि न जुळवायचे

फोटो मॅनिप्युलेशन शिकताना पहिला धडा असतो तो सर्व भागांचा प्रकाश जुळवण्याचा. इथे तोच जाणीवपूर्वक मोडायचा आहे. आकाशाचा निळसर उजेड छपरावर किंवा भिंतीवर कुठेही येऊ देऊ नये. संध्याकाळचा उरलेला निळा रात्रीच्या फ्रेममध्ये शिरला असेल तर कर्व्हजने (छटा आणि रंग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) तो दाबावा. पण प्रकाश सोडून बाकी सगळे इतके काटेकोर जुळवावे की दोन्ही भाग एकाच भिंगातून आल्यासारखे वाटतील. आकाश नितळ असते आणि रात्रीच्या फ्रेममध्ये नॉइज (बारीक दाणेदारपणा) असतो, म्हणून सगळ्यांत वर 50 टक्के करड्या रंगाचा थर ठेवून, त्याचा मोड ओव्हरले करून, त्यावर 1 ते 2 टक्के एकरंगी नॉइज घालावा. ढगांच्या कडा झाडांपेक्षा अधिक धारदार वाटत असतील तर आकाशाला अर्धा ते एक पिक्सेल गॉशियन ब्लर द्यावा. मोबाइल किंवा कॅमेऱ्याने वाढवलेला निळ्याचा भडकपणा सॅच्युरेशन 15-20 ने उतरवून कमी करावा. मूळ आकाशाकडे पुन्हा पाहिले की किती उतरवायचे ते समजते.

काळ्या भागांना पूर्ण शून्यावर नेऊ नये. झाडांचा काळा 255 पैकी 8 ते 12 च्या आसपास ठेवला तर आतल्या फांद्यांचा भास राहतो आणि छपाईत शाईचा चिखल होत नाही. ढगांचे सर्वांत उजळ भाग 225 च्या पुढे नेऊ नयेत आणि दिव्याची काच 245 च्या आसपास ठेवावी. हे आकडे ब्रह्मवाक्य नाहीत, पण दिवा हा ढगापेक्षा उजळ राहिलाच पाहिजे, हा नियम सोडू नये.

तपासणीसाठी प्रतिमा आडवी उलटवून पाहावी आणि एकदा कृष्णधवल करून त्या जुन्या तीन छटांच्या रेखाटनाशेजारी ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नजरेने पाहिल्यावर जे खटकेल ते दुरुस्त करावे.

पाण्यातले प्रतिबिंब घेण्याची इच्छा अनेकांना होते. ब्रसेल्सच्या 1954 च्या आवृत्तीत घरासमोर पाणी आहेच, आणि ठाण्यात कचराळी किंवा मासुंदा तलावाच्या काठी तशी सोय होऊ शकते. मात्र पाण्यात आकाश दाखवायचे की काळोख, या निर्णयाने पूर्ण रचना बदलते. आधी पाण्याविना एक चित्र पुरे करावे आणि मग तिकडे वळावे.

छपाई आणि सादरीकरण

छपाईला देण्याआधी थर असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी आणि एकत्र केलेली प्रत, छापणाऱ्याच्या सूचनेनुसार पण सहसा एसआरजीबी रंगप्रणालीत, टिफ फाइल म्हणून द्यावी. चकचकीत कागदावर काळ्या भागात खोलीतले दिवे परावर्तित होतात, म्हणून मॅट कागद घ्यावा. पूर्ण ए 3 छापण्यापूर्वी झाडाची कड, दिवा आणि ढगाचा तुकडा एकत्र येईल अशी एक अरुंद पट्टी छापून घ्यावी. पडद्यावर वेगळे दिसणारे काळे कागदावर बहुधा एकमेकांत मिसळतात. तसे झाले तर कर्व्हजचे खालचे टोक थोडे उचलून दुसरी पट्टी छापावी. पट्टीला लागणारा खर्च पूर्ण प्रत फुकट जाण्यापेक्षा कमीच असतो.

आकाश कृत्रिम बुद्धिमत्तेकडून भरून घेण्याची सोय आता अनेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. या असाइनमेंटमध्ये ती वापरू नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे, कारण आकाश कोणत्या वेळी, कोणत्या कलाने, किती एक्स्पोजरने घ्यायचे हे ठरवणे हाच इथला अभ्यास आहे. सादर करताना तीनही थरांच्या मूळ रॉ फाइली, रेखाटन आणि प्रत्येक फ्रेमची वेळ व एक्स्पोजर लिहिलेला एक कागद सोबत जोडावा.

चित्राखालच्या ओळीत ‘रेने माग्रित यांच्या द एम्पायर ऑफ लाइट या चित्रावरून’ असे ठळक लिहावे. माग्रित यांचे निधन 1967 साली झाले. भारतीय प्रताधिकार कायद्यात कलावंताच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क टिकतो, म्हणजे या चित्राचा 2027 अखेरपर्यंत. वर्गातल्या अभ्यासाला त्याने अडचण येत नाही, पण छापील प्रती विकणे किंवा एखाद्या जाहिरातीला हे चित्र देणे तोवर टाळावे. आणि ज्यांच्या घराचे छायाचित्र घेतले त्यांना एक ए 4 प्रत चौकटीत घालून नेऊन द्यावी.